पडदा आणि पलटण (भाग ६) : देवळालीचा फड

मागच्या आठवड्यात आपण १९४४ सालच्या 'फोर जिल्स इन अ जीप'पाशी थांबलो होतो. के फ्रान्सिस, कॅरोल लँडिस, मार्था रे आणि मिट्झी मेफेअर या चौघी नट्या इंग्लंड आणि उत्तर आफ्रिकेतल्या सैनिकांपुढे खरोखरच कार्यक्रम करून आल्या होत्या. परतल्यावर त्यांच्या दौऱ्यावर संगीतपट निघाला आणि आपापल्या भूमिका त्यांनीच केल्या. मध्येच रेडिओच्या निमित्ताने बेटी ग्रेबल आणि कार्मेन मिरांडाही गाऊन जातात. कथेला त्यांची काही गरज नाही, तिकीटबारीला असावी. लढाई चालू असताना निघालेल्या अशा चित्रपटांचा साचा ठरलेला. तारका जवानाच्या भेटीला येते, जवान टाळ्या वाजवतो. त्या गर्दीतल्या शिपायाचा दिवस कसा जातो, हे विचारायला कॅमेरा थांबत नाही.

तिथे थांबलेला माणूस सापडतो तो आपल्या जिल्ह्यात. दिंडोरीहून नाशिक ओलांडून पलीकडे गेलं की देवळाली कॅम्प. तोफखान्याची शाळा तिथे आली ती फाळणीच्या वेळी, काकुलहून. त्याआधी देवळाली म्हणजे गोऱ्या पलटणींचा मुक्काम. विलायतेहून आलेले शिपाई पुढच्या हुकुमाची वाट पाहत इथे राहायचे आणि मुदत भरलेले परतीच्या बोटीची. लढाई दूर कुठे तरी चाललेली. इथे ऊन, कवायत आणि कंटाळा. कंटाळलेली पलटण काबूत ठेवणं हे कोणत्याही अधिकाऱ्याला अवघडच. मग ब्रिटिश तोफखान्याने शिपायांमधूनच गाणारे, नाचणारे, नकला करणारे निवडून त्यांचा संच उभा केला. त्या संचात जिमी पेरी नावाचा एक तरुण होता.

पुढे याच पेरीने डेव्हिड क्रॉफ्टबरोबर 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका लिहिली. बीबीसीवर ती १९७४ ते १९८१ चालली, एकूण ५६ भाग. सुरुवातीच्या भागांतली छावणी म्हणजे आपली देवळाली. चित्रीकरण मात्र इंग्लंडातच. मालिकेतला सार्जंट मेजर विल्यम्स गरजतो तो एकाच गोष्टीवर: लढायचं सोडून ही पोरं लुगडी कसली नेसतात! विंडसर डेव्हिसने हे काम असं वठवलं, की त्याने आणि मालिकेतल्याच बुटक्या डॉन एस्टेलने मिळून म्हटलेलं एक जुनं गाणं १९७५ साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

संचात बाई नव्हती, म्हणून बाईचं काम गनर बोमाँटकडे. सगळे त्याला 'ग्लोरिया' म्हणतात. इंग्रजी प्रेक्षकाला त्यात चावट गंमत वाटली असेल. जत्रेत तमाशा पाहिलेल्या आपल्या माणसाला हे पात्र अनोळखी वाटायचं कारण नाही. गवळणीतली मावशी पुरुषच करतो, आणि नाच्याने हात ओवाळला की तंबू हसतो. फरक एवढाच, की आपल्या नाच्याला तंबूबाहेरही तेच हसू झेलावं लागतं. पडद्यावर आयुष्यभर नाच्या रंगवलेल्या गणपत पाटलांना ते पुरेपूर भोगावं लागलं. ग्लोरियाला निदान पलटणीचा गणवेश होता.

पेरीचं लेखन मला आवडतं, पण एक गोष्ट खटकतेच. मालिकेतला रंगी राम हा हिंदुस्थानी नोकर मायकेल बेट्स या इंग्रज नटाने तोंडाला रंग फासून केला. बेट्स झाशीत जन्मलेला, हिंदी बोलणारा. तरी रंग तो रंगच. बीबीसी आज ही मालिका दाखवत नाही, त्याचं मोठं कारण हेच. आणि त्याच युद्धात लाखो हिंदी शिपाई लढत होते. त्यांच्यासाठी 'फौजी दिलखुश सभा' नावाची सरकारी करमणूक संघटना होती, गावोगावचे कलावंत तिच्यातून छावण्यांत जात. त्यांची गोष्ट सांगायला पेरी भेटला नाही.

स्वातंत्र्यानंतरही कलावंत जवानांपुढे जात राहिले. १९६२ साली चीनने हल्ला केला, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेले. त्या काळात विठाबाई नारायणगावकरांचा फड सीमेवरच्या जवानांपुढे उभा राहिला. सुनील दत्त आणि नर्गिस यांच्या अजंता आर्ट्सने लडाखसारख्या ठिकाणी कार्यक्रम केले, आणि १९७१ चं युद्ध संपल्यावर लता मंगेशकर त्यांच्याबरोबर बांगलादेशात जाऊन गाऊन आल्या. या मंडळींच्या फोटोंची कमतरता नाही. लताबाईंच्या आणि दत्त दांपत्याच्या वाट्याला ते आलेच. विठाबाईंच्या ढोलकीवाल्याचं नाव मात्र कोणी विचारत नाही. हिमालयाच्या थंडीत ढोलकीची पुडी ताणून ठेवायला त्याने काय केलं असेल, कडाक्यात बोटं कशी ऊबदार ठेवली असतील, गण संपून लावणी लागेपर्यंत समोरचे मद्रासी, गढवाली जवान हसले कशाला असतील: या एवढ्या सामग्रीवर तीन तासांचा चित्रपट आरामात उभा राहील. मराठीत तो निघालेला नाही आणि हिंदीतही.

हिंदीने त्या युद्धावर काढला तो चेतन आनंदचा 'हकीकत', १९६४ साली, लडाखमध्ये जाऊन. त्यात गाणी आहेत, पण त्यांतली काही जवान स्वतःच म्हणतात. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.