सोयाबीनच्या मुळातलं लाल

श्रावणात पावसानं उघडीप दिली की साखरखेर्ड्याच्या शिवारात सोयाबीन गुडघ्याला लागलेलं दिसतं, फुलं धरू लागलेलं असतं. त्यातलं एक झाड घ्यावं. पण ओढून उपटू नये. काळी माती मुळं सोडत नाही आणि आपल्याला हवं असतं नेमकं तेच तुटून आत राहतं. खुरप्यानं मातीसकट उचलावं, बादलीत हलक्या हातानं धुवावं. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही त्याहून टपोऱ्या गाठी दिसतील. एक गाठ नखानं फोडा.

आत लाल! कच्च्या मांसासारखं, ओलसर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आपलंच बोट कापलं. तो भास अगदीच खोटा नव्हता. आपलं रक्त लाल करणाऱ्या हिमोग्लोबिनचं सख्खं भावंड त्या गाठीत असतं. त्याचं नाव लेगहिमोग्लोबिन. हा लाल रंग हिमोग्लोबिनच्याच जातीचा आहे हे 1939 साली जपानच्या कुबो यांनी दाखवून दिलं.

झाडाला ना हृदय, ना फुप्फुस. मग हे कशाला?

हवेत 78 टक्के नत्र आहे, पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधानं एकमेकांना असे घट्ट धरून असतात की पिकाच्या तोंडी त्यातलं काही लागत नाही. हा बंध तोडायला खत कारखान्यात 400 अंशांच्या वर उष्णता आणि हवेच्या 150 ते 200 पट दाब लागतो. गाठीतले ब्रॅडीरायझोबियम जिवाणू तेच काम पायाखालच्या गार मातीत करतात. त्यांचं हत्यार म्हणजे नायट्रोजिनेज नावाचं एन्झाइम. त्याच्या गाभ्यात लोहाचे सात अणू, गंधकाचे नऊ, मॉलिब्डेनमचा एक आणि मधोमध एकटा कार्बन. नत्राच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या सुट्या पैशांचे, किमान 16 रेणू खर्ची पडतात.

खरा पेच पुढे आहे. ऑक्सिजन लागला की नायट्रोजिनेज कायमचं निकामी होतं. आणि ऑक्सिजन मिळाला नाही तर जिवाणूंचा श्वास थांबतो, एटीपी आटतं. म्हणजे ऑक्सिजन हवाही आणि नकोही, त्याच जागी, त्याच क्षणी. झाडानं यावर काढलेली तोड म्हणजे हा लाल रंग. लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजनला इतकं घट्ट पकडतं की गाठीत मोकळा ऑक्सिजन जवळपास उरतच नाही. आणि पकडलेला तो जिवाणूंच्या दारी बेताबेतानं पोचवतं.

मला सगळ्यात थक्क करतं ते वेगळंच. या रंगाचा गाभा म्हणजे हीम, आणि पानातलं हरितद्रव्य, दोन्ही झाड एकाच साच्यातून काढतं. रेणूचं एक कडं टप्प्याटप्प्यानं घडत जातं. शेवटच्या वळणावर त्यात मॅग्नेशियम बसलं की वाट हिरव्याकडे जाते, लोह बसलं की लालाकडे. वर वाऱ्यावर हलणारं हिरवं शेत आणि खाली अंधारातलं हे लाल, दोघांचा उगम एक.

जिवाणूही आपोआप येत नाहीत. मूळ मातीत जेनिस्टीनसारखी द्रव्यं सोडतं, ती ओळखून जिवाणू उलट रासायनिक निरोप धाडतात, आणि मुळावरचा केस वाकून त्यांना आत घेतो. गुळाच्या पाण्यात कालवलेलं रायझोबियम, म्हणजे याच जिवाणूंचं खत, पेरणीआधी बियाण्याला चोळून सावलीत वाळवतात, ते ही गाठभेट पक्की व्हावी म्हणून. युरिया भरपूर पडला तर मात्र झाड गाठी धरायला टाळाटाळ करतं. आयतं मिळतंय, मग साखर कशाला खर्चायची? कारण या सौद्याची किंमत साखर आहे. पानांनी उन्हात केलेली साखर मुळाशी उतरते आणि गाठीत तिचं मॅलिक आम्ल होऊन जिवाणूंना मिळतं. नावातच साखर मिरवणाऱ्या साखरखेर्ड्याच्या रानात हा व्यवहार दर पावसाळ्यात चालतो, याचं मला फार अप्रूप आहे.

भाद्रपदात शेंगा भरू लागल्या की साखर तिकडे वळते. तेव्हा पुन्हा एक गाठ फोडून बघावी. लाल गेलेलं असतं. हीम मोडून आतला भाग हिरवट पडलेला असतो, मुका मार बसल्यावर चार दिवसांनी आपली कातडी पडते तसा. सोंगणी होते, गाठी कुजतात, जिवाणू मातीत सुटे होतात. पुन्हा एखादं मूळ साद घालीपर्यंत ते तिथेच राहतात.