रक्त कोठून येतें?

ज्या गोष्टीचा उच्चार आपल्या घरांतून कुजबुजीपलीकडे जात नाहीं, तिच्यावर कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत लिहावें कीं नाहीं, याचा प्रस्तुत लेखकानें पुष्कळ दिवस विचार केला. लघवीवाटे रक्त जाणें हा कांहीं चारचौघांत काढण्याचा विषय नव्हे. परंतु तो न काढल्यामुळें आमच्या घरांत दोन वेळां काय झालें तें आठवलें, म्हणजे संकोच आपोआप गळून पडतो.

पहिली गोष्ट बारा वर्षांपूर्वींची. आमचे थोरले बंधु तेव्हां ६६ वर्षांचे होते. एके सकाळीं लघवी लाल झालेली त्यांनीं पाहिली. दुखणें नाहीं, जळजळ नाहीं, ताप नाहीं. दुसऱ्या दिवशीं सर्व पूर्ववत् स्वच्छ. "उन्हाळे लागले असतील," असें मनाशीं म्हणून ते धन्याजिऱ्याचें पाणी प्याले आणि गोष्ट तेथेंच मिटली. चार महिन्यांनीं पुन्हां तसेंच झालें व पुन्हां आपोआप थांबलें. वहिनींनाहि त्यांनीं हें सांगितलें नव्हतें. तिसऱ्या वेळीं रक्ताच्या गांठी होऊन लघवीच अडली, तेव्हां घरांत कळलें. मूत्राशयांतील कर्करोग तोंवर भिंतीच्या स्नायूंत शिरला होता. पुढें दीड वर्षानें ते गेले. दुखत नाहीं म्हणजे भिण्याचें कारण नाहीं, असा आपला समज असतो. या बाबतींत तो घातक आहे. उतारवयांत, त्यांतून तंबाखू ओढणाऱ्या माणसास, न दुखतां एकदांच जरी रक्त दिसलें, तरी मूत्राशयाची तपासणी झाल्यावांचून स्वस्थ बसूं नये. बंधूंना सिगारेटची संवय तरुणपणापासून होती.

दुसरी गोष्ट त्यांच्याच नातीची, म्हणजे माझ्याहि नातीची. इतकें पोळल्यावर तरी आम्ही शहाणे व्हावयास हवें होतें. झालों नाहीं; कारण या वेळीं दुखत होतें, आणि दुखत होतें म्हणून कारणाचें नांवहि आम्हांस लगेच सांपडलें.

मुलगी सोळा वर्षांची, अंगानें सडपातळ. वर्षभरांत ताडमाड उंच झाली होती, आणि वजन मात्र घटलें होतें. डाव्या कुशींत, बरगड्यांच्या खालीं, तिला ठणका लागे. लघवींत लाली दिसली ती तिनें आईस सांगितली. आईनें ती मासिक धर्माचीच समजून दोन महिने घालविले. त्यांत आईचा मोठा दोष आहे असें मी म्हणणार नाहीं. घरांत चार वडीलधारीं माणसें वावरत असतां सुनेनें हा विषय कोणापाशीं काढावा? पुढें ठणका वाढला तेव्हां गांवांतील डॉक्टरांस दाखविलें. सोनोग्राफींत डाव्या मूत्रपिंडांत तीन मिलिमीटरचा एक ठिपका दिसला, व 'खडा असण्याचा संभव' असा अहवाल आला. संभव हा शब्द आम्हीं वाचला खरा, पण ध्यानांत खडा तेवढा राहिला.

येथून माझा अपराध सुरू होतो. तीस वर्षें संस्कृत शिकविल्याचा अभिमान अंगीं असल्यामुळें मीं ग्रंथ उघडले. चरकसंहितेंत रक्तपित्ताचे ऊर्ध्वग आणि अधोग असे भेद आहेत. सुश्रुतानें अश्मरीचे चार प्रकार वर्णिले आहेत. एवढ्या आधारावर मुलीस रोज सकाळीं कुळथाचें कढण मीं सुरू केलें. रक्त येई, चार दिवसांनीं थांबे. थांबलें कीं श्रेय कढणाला! तें कढणावांचूनहि थांबलें असतें, हें मनांत आलें नाहीं. काकतालीय न्याय मुलांना फळ्यावर लिहून समजावून देणारा मी, घरांत त्याच न्यायानें अकरा महिने फसत राहिलों. आणि सुश्रुत तरी काय सांगतो? खडा आधीं बोटांनीं चांचपून स्थिर करावा, मगच शस्त्र लावावें. मीं तर खडा आहे कीं नाहीं हेंच पाहिलें नव्हतें.

शेवटीं पुतण्यानें हट्ट धरला व मुलीस पुण्यास एका मूत्ररोगतज्ज्ञांकडे नेलें. मीहि बरोबर होतों. त्या गृहस्थांनीं पहिला अर्धा तास यंत्रास हात लावला नाहीं. केवळ प्रश्न विचारले. मध्यंतरीं आम्हां पुरुषांस बाहेर बसविलें, तेंहि योग्यच झालें. लाली लघवीच्या आरंभीं, शेवटीं, कीं सबंध धारेंत? आरंभींच असेल तर उगम मूत्रमार्गांत. शेवटीं असेल तर बहुधा मूत्राशयाच्या मुखाशीं. सबंध धारेंत असेल तर मूत्राशयांत किंवा त्याच्याहि वर. गांठी पडतात का, आणि त्या गांडुळासारख्या लांबट असतात का? तशा असल्या तर त्या मूत्रपिंडाकडून येणाऱ्या बारीक नळींत घडलेल्या असतात. घसा दुखत असतांनाच लघवी काळ्या चहासारखी होते का? घरांत लहानपणीं बहिरेपण आलेलें कोणी आहे का? या शेवटच्या प्रश्नानें मी चकित झालों. पण मूत्रपिंड आणि कान दोन्ही बिघडविणारा एक आनुवंशिक रोग आहे, असें त्यांनीं सांगितलें. बीट खाल्ल्यानें किंवा क्षयाच्या रिफाम्पिसिन या औषधानेंहि लघवी रंगते, तेव्हां तो रंग रक्ताचाच ना, याची खात्री प्रथम सूक्ष्मदर्शकाखालीं केली. लाल पेशी दिसल्या, आणि त्या गोल व अभंग होत्या. मूत्रपिंडाच्या गाळणींतून घुसटत आलेल्या पेशी वेड्यावांकड्या होतात. तेव्हां गाळणीच्या रोगाचा संशय बराचसा मावळला. क्षयरोग आपल्या देशांत मूत्रपिंडांतहि घर करतो, म्हणून तीन दिवस सकाळची लघवी त्यासाठीं तपासली. तो नव्हता.

मग त्यांनीं दोन बाटल्या मागविल्या: एक सकाळीं अंथरुणांतून उठतांक्षणींची, दुसरी संध्याकाळची. सकाळच्या लघवींत प्रथिन नव्हतें. दिवसभर उभें राहिल्यावरच्या लघवींत होतें. निजल्यावर जें नाहीं आणि उभें राहिल्यावर जें आहे, त्याचा संबंध शरीराच्या ठेवणीशीं असावा, असा त्यांचा तर्क झाला. साध्या सी. टी. स्कॅनमध्यें खडा मुळींच दिसला नाहीं, आणि खडा असता तर त्या तपासणींत तो चुकणें फार कठीण. पुढें रक्त चालू असतांनाच मूत्राशयांत दुर्बीण घालून पाहिलें. उजव्या नळीच्या तोंडांतून स्वच्छ मूत्र येत होतें, डाव्या नळींतून लाल धार. 'कोठून' या प्रश्नाचें अर्धें उत्तर तेथें मिळालें. रक्त थांबल्यावर हीच तपासणी केली असती तर कांहींच दिसलें नसतें.

राहिलेलें अर्धें उत्तर डॉप्लर सोनोग्राफीनें आणि शिरेंत औषध सोडून पुन्हां केलेल्या सी. टी. स्कॅननें दिलें. शरीरांतील अशुद्ध रक्ताची महाशीर कण्याच्या उजव्या अंगास व शुद्ध रक्ताची महाधमनी डाव्या अंगास असते. त्यामुळें उजव्या मूत्रपिंडाची शीर आंखूड, आणि डाव्याची चांगली तिप्पट लांब. तिला महाधमनी ओलांडून पलीकडे जावें लागतें. ती जेथें ओलांडते, तेथेंच आंतड्यांस रक्त पुरविणारी एक धमनी महाधमनीपासून फुटून खालीं उतरते. दोन धमन्यांच्या त्या बेचक्यांत ही शीर असते. मधें चरबीची गादी असते, ती बेचकें उघडें ठेवते. उंची झपाट्यानें वाढली व अंगावरचें मांस उतरलें, कीं गादी विरते, बेचकें मिटतें व शीर चेंगरते. मागें तुंबलेल्या रक्ताच्या दाबानें मूत्रपिंडांतील नाजूक शिरा फुटून रक्त मूत्रांत उतरतें. इ. स. १९३७ मध्यें ग्रँट या शरीररचनाशास्त्रज्ञानें या शिरेला कवच फोडणाऱ्या चिमट्यांतील फळाची उपमा दिली, आणि १९७२ मध्यें डी शेपर या बेल्जियन डॉक्टरानें वापरल्यापासून इंग्रजींत 'नटक्रॅकर' हें रोगाचें नांव रूढ झालें. आम्हां पान खाणाऱ्यांस त्यासाठीं लांब जावयास नको. अडकित्त्यांतील सुपारीच ती!

सर्वांनाच शस्त्रक्रिया लागते असें नाहीं. त्रास असह्य असेल, रक्त फार जात असेल, तर शीर तेथून सोडवून महाशिरेला थोडी खालीं जोडतात; कांहीं ठिकाणीं शिरेंत जाळीची नळी बसवितात. परंतु अठरा वर्षांखालील मुलांत दोन वर्षें वाट पाहण्याचा सल्ला बहुधा देतात, कारण वाढीबरोबर व वजनाबरोबर पुष्कळांचें बेचकें पुन्हां उघडतें. आमच्या मुलीस त्यांनीं लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पोटभर जेवावयास सांगितलें. अकरा महिन्यांच्या कढणानंतर हें औषध तिला मानवलें.

आज या गोष्टीस दीड वर्ष झालें. तिचें वजन नऊ किलोंनीं वाढलें आहे. सात महिन्यांत रक्त दिसलेलें नाहीं. पुष्कळ वेळ उभें राहिल्यावर कूस अजून मधून मधून ठणकते. पुढील डॉप्लर चैत्रांत आहे. शस्त्रक्रिया टळली कीं नाहीं तें तेव्हां कळेल.

परवां वहिनींनीं तिला विचारलें, "अग, पण तुला झालें होतें तरी काय?" तिनें माझ्या पानाच्या डब्यांतला अडकित्ता उचलला, देवाजवळचा एक दोरा त्याच्या दोन पात्यांमधें धरला, आणि आजोबांच्या, काकांच्या, सर्वांच्या देखत तिला आपलें दुखणें समजावून सांगूं लागली. वहिनींनीं शेवटपर्यंत ऐकून घेतलें. मग दोरा हातांत घेऊन त्या बराच वेळ तशाच बसून राहिल्या. "हे तर मलासुद्धां बोलले नाहींत," एवढेंच म्हणाल्या.