घरात गटाराचे पाणी शिरले तर...

२६ जुलै २००५ला सांताक्रूझमध्ये २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर मुंबईत दूषित पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. म्हणून ही काळजी घ्या:

• मेन स्विच कोरड्या जागी उभे राहूनच बंद करा. नाहीतर वायरमनला बोलवा.

• मुलांना दूर ठेवा. गमबूट, रबरी हातमोजे घाला, जखमा झाका.

• आधी गाळ काढा, फरशी साबणाने धुवा, मग ब्लीचिंग पावडरचे पाणी वापरा. त्यात अ‍ॅसिड कधीही मिसळू नका. विषारी वायू सुटतो.

• भिजलेल्या गाद्या, उघडे अन्न टाकून द्या. पाणी उकळून प्या.

• ताप आल्यास गटाराच्या पाण्याशी संपर्क आल्याचे डॉक्टरांना सांगा.

• तुंबलेल्या सेप्टिक टँकमध्ये कुणालाही उतरवू नका. आतला वायू जीव घेतो.