चढलीस खरी, उतरणार कशी?

आजच्या भागाचं हे लिखित रूप.

रील्समध्ये चीअरलीडिंग बघितलंच असेल. तिघी-चौघी मिळून एकीला वर उचलतात. ती वरची म्हणजे फ्लायर. आपल्याकडे हेच काम दहीहंडीत सगळ्यात वरच्या थरावर जाणारी करते. मालवणात आमच्या मुलींच्या पथकात ती मी.

‘चढताना भीती नाय वाटत?’ असं सगळे विचारतात. पण चढणं पंधरा दिवसांत जमतं. वेळ लागतो तो उतरायला शिकायला.

गुरुपौर्णिमेपासून आमचा सराव सुरू होतो, चिवला बीचवर. भिजून दबलेली वाळू दगडासारखी लागते, म्हणून आधी ती उकरून मोकळी करायची, वर मॅट टाकायची. मग अनवाणी चढायचं. पाय खांद्याच्या टोकावर नाही, मानेजवळ ठेवायचा. टोकावर ठेवला की खालचीचा खांदा कलतो. आणि अंग ताठ. सैल अंग उचलायला जड जातं, हे चीअरलीडिंगवालेही शिकवतात. खालचा थर स्थिर झाल्याशिवाय वरचीने उभं राहायचं नाही.

खरा धोका हंडी हाताला लागल्यावर असतो. आपण दोरी धरतो, थोडा भार दोरीवर जातो. खालच्यांना हलकं वाटतं, त्या सैलावतात. दोरी सुटली की तोच भार धाडकन परत खांद्यावर! त्यात दह्याने पाय निसरडे. म्हणून दोरीला लोंबकळायचं नाही. फोडायची, हात सोडायचा, लगेच गुडघे वाकवून बसायचं. मग खालचीचे खांदे धरून एक पाय तिच्या कमरेपर्यंत सोडायचा आणि पाठीवरून घसरत यायचं. उडी तर अजिबात नको. उडी मारताना आपण खालच्यांना उलट ढकलतो, आणि मनोरा तिथेच फुटतो. फ्लायर खुशाल मागे पडते, कारण तिला पाळण्यासारखं झेलायला ठरलेले हात असतात. आपल्याकडे थर उंच, आणि खाली फक्त घेरा.

स्पेनमधल्या कॅटलोनियात असेच मनोरे रचतात, त्यांना ‘कास्टेल’ म्हणतात. तिथे मनोरा पूर्ण रचून नीट उतरवला तर मान वेगळा, रचल्यावर कोसळला तर त्याची नोंदही वेगळी. मला हा हिशोब फार आवडतो. आपल्याकडे २०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावले, ४३.७९ फूट, गिनेस विक्रम. सगळ्यांच्या लक्षात तो आकडा राहतो. ते नऊ थर उतरले कसे, हे कुणी विचारत नाही.

वयाचंही सांगते. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उंचीवर २० फुटांची मर्यादा घातली आणि अठराखालच्यांना मनाई केली. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा गेली, वयाची अट चौदावर आली. ‘हलकी आहे’ म्हणून धाकट्या बहिणीला वर पाठवणाऱ्यांनी हे ऐकाच.

आणि मनोरा कोसळलाच तर? शेजारणीला धरू नका, तीही येते. हात जमिनीकडे पुढे करू नका, मनगट जातं. हनुवटी छातीला, हातपाय जवळ. आमची ताई खालून ओरडत असते, ‘गो, अंग आवळ!’

हेल्मेट मात्र मापाचंच हवं. पट्टा लावून डोकं हलवल्यावर ते डोळ्यांवर येत असेल, तर त्या दिवशी चढू नका.