एकतर्फी सामना : कुस्ती थांबते, मग फुटबॉल का नाही? सांगलीच्या हजारेंचे ३०९ काय सांगतात

पॅरिस सेंट-जर्मेन (पीएसजी) ५, इंटर मिलान ०. म्युनिकमध्ये ३१ मे २०२५ रोजी झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याचा हा स्कोअर. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मोबाईलवर सामना लावून बसलेल्या अनेकांना अर्ध्या तासातच निकालाचा अंदाज आला. मग असा सामना मध्येच का थांबवत नाहीत?

म्युनिकमध्ये काय घडले?

अश्रफ हकिमीने १२व्या मिनिटाला गोलचे खाते उघडले. १९ वर्षांच्या देझिरे दुएने २०व्या आणि ६३व्या मिनिटाला गोल केले. क्वारात्स्खेलियाने ७३व्या, तर सेनी मायुलूने ८६व्या मिनिटाला भर घातली. या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाच गोलच्या फरकाने विजय मिळण्याची ही पहिलीच वेळ. पीएसजीचे हे पहिलेच विजेतेपद.

फुटबॉलचा नियम काय?

४५ मिनिटांचे दोन भाग आणि वाया गेलेल्या वेळेची भर, एवढाच हिशेब. एखाद्या संघाकडे सातपेक्षा कमी खेळाडू उरले तर खेळ थांबतो. गोलचा फरक कितीही वाढला तरी थांबत नाही. लीगमध्ये गुण समान झाले की अनेकदा गोलफरक पाहिला जातो, त्यामुळे तिथे पाचवा गोलही कामाचा असतो.

कुस्तीत वेगळे काय?

कराडजवळच्या गोळेश्वरचे ऑलिम्पिक पदकविजेते खाशाबा जाधव यांच्या सातारा जिल्ह्यात हे नव्याने सांगायला नको. चितपट झाली की कुस्ती संपली. मॅटवर आणखी एक नियम आहे. फ्रीस्टाइलमध्ये १०, ग्रीको-रोमनमध्ये ८ गुणांची आघाडी मिळाली की तांत्रिक श्रेष्ठतेवर लढत तिथेच थांबते.

आणि क्रिकेटमध्ये?

इथे फॉलोऑन आहे. पहिल्या डावात खूप मागे पडलेल्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला उतरवता येते. याचे मोठे उदाहरण सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंचे.

डिसेंबर १९४३, मुंबईचे ब्रेबॉर्न स्टेडियम. धर्मानुसार संघ असलेल्या पंचरंगी स्पर्धेची फायनल. 'हिंदू' संघाने ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला. त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. 'रेस्ट' संघ १३३ धावांत आटोपला. म्हणजे ४४८ धावांची पिछाडी आणि फॉलोऑन.

दुसऱ्या डावात रेस्टने ३८७ धावा केल्या. त्यातल्या ३०९ एकट्या हजारेंच्या. बाकी सगळे खेळाडू आणि अवांतर मिळून ७८. भाऊ विवेक यांच्यासोबत त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली, त्यात विवेक यांच्या धावा २१. एक बाजू लावून धरणे हेच त्यांचे काम होते.

तरीही रेस्ट एक डाव आणि ६१ धावांनी हरला.

मग उरलेला खेळ कशासाठी?

चितपट झालेल्या पैलवानाला त्या लढतीत पुन्हा संधी नाही. फॉलोऑन मिळालेल्या संघाला अख्खा डाव मिळतो. फुटबॉलमध्ये हरणाऱ्याच्या हाती फक्त उरलेली मिनिटे असतात. हजारेंच्या ३०९ धावांनी निकाल बदलला नाही. पण सामना ४४८ च्या पिछाडीवरच थांबवला असता, तर ही खेळी झालीच नसती. आज देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धा त्यांच्याच नावाने खेळली जाते.