सशाचा पिंजरा रोजच का झाडायचा?

राळेगावचा उन्हाळा कडक आणि कोरडा. जूनमध्ये पाऊस लागला, की हवा दमट होते आणि पिंजऱ्यातला चारा ओलसर राहतो. घरी किंवा शाळेत ससे पाळले असतील, तर या दिवसांत आपण जास्त सावध राहायला हवे. नुकतेच दूध सुटलेली पिल्ले हगवण लागून दगावू शकतात. याचे एक मोठे कारण म्हणजे ‘आयमेरिया’ हा एकपेशीय परजीवी.

तो सशाच्या आतड्यात वाढतो. त्याची एक जाती यकृतातल्या पित्तनलिकांत वाढते. त्याचे जाड कवचाचे सूक्ष्म कोष लेंड्यांबरोबर बाहेर पडतात. गंमत अशी, की ताज्या कोषांमुळे संसर्ग होत नाही. ओल, ऊब आणि ऑक्सिजन मिळाला, तर साधारण १ ते ४ दिवसांत ते पक्व होतात. मग चाऱ्याबरोबर पोटात गेले, की रोग होतो.

म्हणजे परजीवीला वेळ लागतो. तोच आपण त्याला द्यायचा नाही! लेंड्या रोज काढाव्यात. तळाला जाळी असावी. चारा टांगून ठेवावा. फिनेलला हे कोष सहसा दाद देत नाहीत. उकळते पाणी आणि कडक ऊन उपयोगी पडते. तरीही हगवण लागली, तर पिल्लू वेगळे ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

“पण ससा स्वतःच्या मऊ लेंड्या खातो ना?” मुले नक्की विचारतील. खातो, पण बाहेर पडता पडताच, थेट तोंडाने. मग त्यातून त्याला संसर्ग का होत नाही? उत्तर मुलांनाच शोधू द्या.