तल्लफ आणि तिचा उतारा

नार्व्याच्या धक्क्यावर दिवाडीहून येणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत उभा असलेला एखादा गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. वीस वर्षे रोज पंधरा सिगारेटी ओढल्यावर त्याने त्या सोडल्या, त्याला आता तीन आठवडे झाले आहेत. सकाळचा चहा त्याने निभावून नेला, दुपारचे जेवण निभावून नेले. परंतु धक्क्यावर पाऊल पडताच त्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. वीस वर्षे ह्याच जागी, ह्याच वेळी, बोट पलीकडच्या तीरावरून सुटली की त्याने सिगारेट शिलगावलेली असते. अशातच इंग्लंडात नोकरीस असलेला भाचा सुट्टीवर घरी येतो आणि म्हणतो, “मामा, तिकडे लोक सिगारेट सोडतात नि विजेवर चालणारी ही नळी ओढतात. पुढच्या खेपेस तुम्हांला एक आणतो. कसली आणू, तेवढे सांगा.”

भाच्याचा हेतू चांगला आहे आणि त्याचा प्रश्नही गैर नाही. मात्र “कसली आणू?” ह्याचे उत्तर देण्यापूर्वी, मामांना हवे आहे ते नेमके काय, हे पाहिले पाहिजे.

तंबाखू ही मुळात ह्या भूमीची नव्हे. ती अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या गलबतांनी येथे आली. इ. स. १६०४-०५ च्या सुमारास असद बेग नावाच्या सरदाराने विजापुराहून ती अकबराच्या दरबारी नेली; पुढे १६१७ मध्ये जहांगिराने तिच्यावर बंदी घातली. तथापि हुकूम झाला म्हणून तल्लफ काही हटली नाही. ह्याचे कारण त्या पानातील निकोटीन ह्या द्रव्यात आहे. सिगारेटचा झुरका छातीत गेला की निकोटीन अवघ्या दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. इतक्या त्वरेने मिळणारे सुख मेंदू विसरत नाही. तो त्याची वारंवार मागणी करू लागतो. ही तल्लफेची एक बाजू झाली. दुसरी बाजू सवयीची. हाताला काडेपेटीची सवय, ओठांना नळकांडीची, घशाला धुराच्या त्या किंचित झोंबण्याची, आणि मनाला चहाची, धक्क्याची, मित्राच्या सोबतीची. पहिली भूक रक्ताची, तर दुसरी भूक आठवणीची होय.

येथे एक भेद ध्यानात धरावा. माणूस ओढतो तो निकोटीनसाठी; पण त्याचा जीव घेतात ती मुख्यतः जळत्या पानातून निघणारी डांबरासारखी द्रव्ये आणि विषारी वायू. मायकेल रसेल ह्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने हा विचार १९७६ मध्ये स्पष्टपणे मांडला. निकोटीन निरुपद्रवी आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. ते व्यसन जडवते, नाडी जलद करते, रक्तदाब वाढवते. परंतु कर्करोगाचे मुख्य कारण म्हणजे ज्वलन. तेव्हा ज्वलन टाळून निकोटीन देता आले, तर तल्लफ भागेल आणि हानीही पुष्कळ कमी होईल, ह्या कल्पनेतून दोन उपाय निघाले. पहिला उपाय स्वीडनमधील निकोटीनयुक्त गोंदाच्या वडीचा. तिला आज सर्वत्र ‘च्युइंगम’ म्हणतात. पाणबुडीत धूम्रपानास मनाई असलेल्या नाविकांची अडचण ह्या शोधाच्या मुळाशी होती. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडने ती औषध म्हणून मान्य केली. दुसरा उपाय चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक ह्यांचा. त्यांचे वडील धूम्रपान करीत व फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले. स्वतः होन लिकही सिगारेटी ओढीत. २००३ मध्ये त्यांनी आजच्या ई-सिगारेटचा आद्य नमुना तयार केला.

ह्या यंत्राची रचना साधी आहे. एका नळीत बॅटरी, तिच्यावर तापणारे तारेचे वेटोळे आणि त्याभोवती द्रव. द्रवात ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, सुगंध आणि बहुधा निकोटीन असते. झुरका घेतला की तार तापते आणि द्रवाची वाफ होते. येथे काहीही जळत नाही.

जेथे ही वस्तू कायद्याने विकली जाते, तेथे जुन्या धूम्रपान्यास ती निवडताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे निकोटीनचे प्रमाण. ब्रिटनमध्ये एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. रोज पंधरा-वीस सिगारेटी ओढणाऱ्याने भीतीपोटी अगदी सौम्य द्रव घेतला, तर त्याचे समाधान होत नाही. तो दिवसभर नळी चोखत राहतो आणि अखेर सिगारेटकडे परततो. दुसरी म्हणजे ओढ. सिगारेट ओढणारा धूर आधी तोंडात घेतो व मग छातीत. म्हणून त्याला अरुंद, किंचित अडखळत ओढ देणारी नळी मानवते, प्रचंड ढग उडवणारी नव्हे. तिसरी म्हणजे घशाची जाणीव. निकोटीनचा साधा प्रकार घशाला झोंबतो. आम्ल मिसळून केलेला ‘क्षाररूप’ प्रकार मऊ लागतो, त्यामुळे जास्त मात्राही सहज आत जाते. मात्र जो गुण मुरलेल्या धूम्रपान्यास सोयीचा, तोच कोवळ्या मुलास घातक ठरतो. ज्याला सिगारेटच्या पहिल्याच झुरक्याने ठसका लागून परावृत्त व्हायला हवे, त्याला ठसकाच लागत नाही.

ह्या यंत्राचा उपयोग होतो काय? होतो, असे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ब्रिटनमध्ये ८८६ धूम्रपान्यांवर केलेली एक चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षाअखेरीस ई-सिगारेट दिलेल्यांपैकी १८ टक्के लोक सिगारेटमुक्त होते. वडी, चिकटपट्टी इत्यादी दिलेल्यांपैकी ९.९ टक्के. पण तिची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. पहिल्या गटातील यशस्वी लोकांपैकी ८० टक्के वर्षानंतरही ती नळी ओढतच होते. दुसऱ्या गटात औषध चालू ठेवणारे अवघे ९ टक्के होते. म्हणजे सिगारेट सुटली, पण निकोटीनचे दास्य बहुतेकांच्या बाबतीत सुटले नाही. शिवाय अशी वाफ वीस-तीस वर्षे छातीत घेतल्याचा परिणाम काय होतो, हे सांगण्याइतके ह्या वस्तूचे वय अद्याप झालेले नाही.

भारतात मात्र हा मार्ग बंद आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी निघालेल्या अध्यादेशाची जागा त्याच वर्षाच्या डिसेंबरात कायद्याने घेतली. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री आणि जाहिरात ह्यांस त्याने मनाई केली आहे, मग वस्तू संपूर्ण असो की तिचा एखादा भाग. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठा करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा प्रेमापोटी का होईना, भाच्याने ती नळी सामानात घालून आणणे हा कायद्याचा भंगच ठरेल. ती येथेच चोरून मिळवावी म्हटले, तर त्यात निराळा धोका आहे. बंदी असलेल्या मालाची तपासणी कोणी करीत नाही. द्रवात निकोटीन किती आणि दुसरे काय काय, हे वेष्टनावरून कळेलच असे नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत अशा नळ्या ओढणाऱ्या अनेकांना फुप्फुसाचा गंभीर विकार जडला व काही दगावले. त्याचा संबंध मुख्यतः चोरट्या बाजारातील गांजाच्या अर्कात मिसळलेल्या एका तेलकट द्रव्याशी असल्याचे आढळले.

मग मामांनी काय करावे? यंत्र मिळत नसले, तरी ते निवडताना विचारायचे प्रश्न येथेही उपयोगी पडतात. मात्रा किती, वेग किती, आणि हाता-तोंडाचे काय?

मात्रेचा निर्णय सकाळ करते. जाग आल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असे, तर व्यसन मुरलेले समजावे. त्याला ४ मिलिग्रॅमची वडी लागते. त्यापेक्षा उशिरा ओढणाऱ्यास २ मिलिग्रॅमची पुरते. वेगाच्या बाबतीत ही औषधे सिगारेटची बरोबरी करू शकत नाहीत. वडीला अर्धा तास लागतो, दंडावर लावायच्या चिकटपट्टीला काही तास. म्हणून दोन्ही एकत्र वापरण्याचा मार्ग अधिक गुणकारी ठरला आहे: पट्टीने दिवसभराची पातळी राखावी आणि वडीने ऐन वेळची लाट अडवावी. धक्क्यावर तल्लफ येणार हे ठाऊक असेल, तर वडी धक्क्यावर नव्हे, घरातून निघतानाच तोंडात टाकावी.

वडी चघळण्याचीही एक रीत आहे. सुपारीसारखी ती सारखी चावीत राहिल्यास निकोटीन पोटात जाते, वाया जाते आणि उचकी वा जळजळ होते. दोन-चार वेळा सावकाश चावून तिखटसर चव लागली की ती गाल व हिरडी ह्यांमध्ये धरून ठेवावी. चव ओसरली की पुन्हा चावावी. असे अर्धा तास करावे. निकोटीन तोंडाच्या त्वचेतून शोषले जाते आणि आंबट पदार्थांनी त्या शोषणात अडथळा येतो. म्हणून वडीपूर्वी पंधरा मिनिटे व वडी तोंडात असताना कॉफी, लिंबाचे सरबत, आणि आपल्याकडची सोलकढीही टाळावी. वडीने आपल्याला गुण येत नाही, म्हणणाऱ्या अनेकांची चूक ह्या एवढ्याशा गोष्टीत असते. साधारणतः सहा आठवड्यांनंतर मात्रा उतरवीत न्यावी व तीन महिन्यांत ती थांबवावी. हृदयविकार असलेल्यांनी व गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून ही औषधे घेऊ नयेत. व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन ही निकोटीनविरहित औषधेही आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतात. १८००-११-२३५६ ह्या राष्ट्रीय क्रमांकावर २०१६ पासून विनामूल्य सल्ला दिला जातो.

आणखी एक वाट दिसते, ती मात्र कदापि धरू नये. धूर सुटला म्हणून मशेरी, तपकीर किंवा तंबाखूचे पान धरणे म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात पडणे होय. तोंडाचा कर्करोग धुराची वाट पाहत नाही.

शेवटचा प्रश्न हाता-तोंडाचा, आणि तो प्रत्येकाने स्वतःस विचारावयाचा आहे. तीन आठवड्यांपूर्वी सिगारेट सोडलेल्याची तल्लफ अंशतः रक्ताची असते. त्याला औषध घेण्यात कमीपणा वाटू नये. परंतु ज्याने सहा महिने किंवा सहा वर्षे तंबाखूला स्पर्श केला नाही, त्याच्या शरीरात निकोटीनची मागणी उरलेली नसते. त्याला धक्क्यावर जे होते ते आठवणीचे असते. अशाने वडी नको, पट्टी नको, आणि परदेशात गेला तरी ती नळीही नको. विझलेल्या चुलीत नवे लाकूड कशाला घालावयाचे? त्याने दोन लवंगा वा बडीशेप तोंडात टाकावी, हाताला काही काम द्यावे, चार पावले चालावे, कोणाशी बोलावे. एक सिगारेट ओढल्याने काय बिघडते, हा विचार मनात आला की तेवढीच धोक्याची खूण समजावी. सोडून परतलेल्या बहुतेकांची परतीची वाट त्या एकीपासूनच सुरू झालेली असते.

तल्लफेची लाट मोठी वाटते, पण ती दीर्घ नसते; बहुधा पाच-दहा मिनिटांत ती ओसरते. पलीकडच्या तीरावरून सुटलेली बोट नार्व्याच्या धक्क्याला लागण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढाच धीर धरावयाचा असतो. वीस वर्षे मामांनी तो वेळ धुरात घालवला. तोच वेळ आता पाण्याकडे पाहत काढता आला, तर बोट लागेपर्यंत लाट ओसरलेली असेल. आणि भाच्याने पुन्हा विचारले, तर त्याला सांगावे, “बाबा, कसलीच आणू नकोस, तू मात्र लवकर ये.”